नळीवरचं नाव

शिबिराच्या दिवशी डॉक्टरबाई सकाळपासून शाळेच्या खोलीत बसून होत्या आणि गावातल्या बाया काही येत नव्हत्या. मी दारात उभी राहायचे, व्हरांड्यात चकरा मारायचे, परत आत यायचे. खिडक्यांना आम्ही चादरी बांधल्या होत्या. दोन बाकं जोडून त्यावर रेक्झिनची गादी टाकली होती, बाजूला स्टोव्हवर अवजारं उकळून ठेवली होती. दुपारपर्यंत मोजक्याच जणी आल्या. त्यातली एक बाकावर चढली, डॉक्टरबाईंच्या हातातलं पोलादी अवजार तिनं पाहिलं आणि लुगडं सावरत उतरून जी निघाली ती थेट तलावाच्या बांधावर जाऊन थांबली. डॉक्टरबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी हातमोजे काढले आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तरी आधी नीट सांगून ठेवा." मी महिनाभर घरोघरी फिरून सांगतच होते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. सावली तालुक्याच्या भागात एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. तिशी ओलांडलेल्या बायांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, असं एक काम दवाखान्यानं घेतलं होतं आणि ते माझ्याकडे होतं. हा आजार फार हळू वाढतो, वेळेवर सापडला तर बरा होतो. आमच्याकडे मात्र बाया यायच्या त्या अगदी शेवटाला. शिबिराआधीच्या पावसाळ्यात जंगलातल्या एका गावातून एकीला बैलगाडीत घालून आणलं होतं. तिच्या अंगावरून इतकं जात होतं की गाडीतला पेंढा भिजला होता. तिला नागपूरला पाठवण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं, आणि नागपूरलाही काही झालं नाही. त्या बाईनंतर मला एका जागी बसवेना. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी लुना काढायची आणि कुठल्या तरी गावाला जायची. नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात होता, आठवड्यानं यायचा. तो म्हणायचा, "तू जेवतानासुद्धा उठून कुठं तरी निघाल्यासारखी बसतेस."

शिबीर आटोपल्यावर मी बांधावर गेले. तिथं ढिवरांच्या बाया मासे निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात एक मावशी होती, पन्नाशी उलटलेली, विधवा, आवाज असा की आठवडी बाजारात या टोकाची हाक त्या टोकाला ऐकू यायची. गावातल्या बायांचं येणं-न येणं तिच्या शब्दावर असायचं.

"काऊन नाई आल्या मावशी?" मी विचारलं.

"आमाले काय झालं वो बाई? चांगल्या खाऊन-पिऊन राह्यलो. त्या बाकावर तंगड्या पसरून कायले झोपाव?"

सगळ्या हसल्या. पळून आलेली बाईही हसली. मावशीनं एक मरळ उचलून टोपल्यात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरच्या मानसानं नाई पाह्यलं, ते तुमच्या डाक्टरनीले दाखवू का?"

पुढच्या हिवाळ्यात त्या नळ्या आल्या. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, तळाशी थोडंसं पाणी, आणि सोबत एक लांब दांडीचा मऊ ब्रश. बाईनं तो स्वतःच आत घालायचा, हळूच फिरवायचा, नळीत बुडवायचा, झाकण लावून द्यायचं. घरच्या घरी, आपल्या हातानं. ना बाक, ना डॉक्टर. नळीवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो त्यात आहे का, एवढंच मोठ्या प्रयोगशाळेत बघणार. सापडला तर त्या बाईला दवाखान्यात आणून नीट तपासायचं.

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. ज्या बाया स्वतःच्या अंगाचं नाव घेत नाहीत, त्या हे कशा करणार? म्हणून आधी मी स्वतः करून पाहिलं. भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीत उभी राहून, एक पाय उलट्या बादलीवर ठेवून. दुखलं नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्या बायांना तपासणाऱ्या मला स्वतःच्या शरीरात ब्रश कुठवर न्यायचा ते समजेना, याचं मला आश्चर्य वाटलं. आणि नळी पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत मी रोज दवाखान्याचं टपाल उघडून बघायची. माझं काही निघालं नाही.

गावात मी बायांना अंगणवाडीत बसवलं आणि मूठ सैल धरून दाखवलं. "ही समजा आपली पिशवी. हे तिचं तोंड. ब्रश असा जातो." आधी सगळ्यांनी तोंडाला पदर लावले. मग एक म्हणाली, "आना इकडं." तिनं दुसरीच्या मुठीत ब्रश घातला आणि अंगणवाडी हसण्यानं दणाणली. त्या दिवशी नळ्या कमी पडल्या. संध्याकाळी बाया घरामागच्या सांदवाडीतल्या बांबूच्या तट्ट्याच्या न्हाणीतून बाहेर यायच्या आणि पदराखाली लपवलेली नळी माझ्या हातात कोंबून झपाझप निघून जायच्या. शिबिराला जे जमलं नाही ते असं झालं. मी हरखून गेले होते.

मावशीनं स्वतःसाठी नळी घेतली नाही. साठीपर्यंतच्या सगळ्यांना द्यायची होती, मी पुन्हा पुन्हा म्हटलं.

"मायं आता काय राह्यलं वो? बंद होऊन बहुत वर्सं झाले. सुनेले द्या. ते लाखोरीची भाजी तोडाले गेली हाय. मी समजावतो तिले."

सून बत्तीस-तेहतीसची, दोन लेकरांची आई, कमी बोलणारी. मी तिच्या नावाची चिठ्ठी लावून नळी मावशीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मावशीनंच ती परत आणली, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, सोबत मूठभर सुके झिंगे.

उत्तरं यायला बराच वेळ लागला. तेवढ्यात मी आणखी गावं केली, वैनगंगेच्या पलीकडचीही. जंगलाच्या आत एका गोंड वाडीवर माझं मराठी चालेना, तर तिथल्या एका पोरीनं आपल्या आईला आणि आत्याला सगळं गोंडीतून समजावलं, आणि त्या दोघी आत जाऊन पाच मिनिटांत नळ्या घेऊन परत आल्या. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग उत्तरं आली. बहुतेक सगळ्या चांगल्या होत्या. ज्या थोड्या जणींमध्ये विषाणू निघाला, त्यांत त्या सुनेचं नाव होतं.

मी तिला सांदवाडीत बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. हे कॅन्सर नव्हे. कितीतरी बायांमध्ये हा विषाणू असतो आणि आपोआप जातो. फक्त एकदा दवाखान्यात येऊन तपासून घ्यायचं.

तिनं विचारलं, "मायं निंगालं?"

"हो. घाबरू नकोस."

"मायंच हाय ते? पक्कं?"

असं बऱ्याच जणी विचारतात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा सगळं समजावलं. तिनं मान हलवली. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायचं ठरलं.

बाजाराच्या दिवशी ती आली नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग लुनाला किक मारली. घरी तिचा नवरा ओसरीवर जाळं विणत बसला होता. तो मच्छीमार सोसायटीत होता, मला भेटला की दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी मान वर केली नाही.

"भाऊ, ती कुठं आहे?"

"माहेरी."

"दवाखान्यात यायचं होतं तिला."

"तिच्या बापाले म्हना नेऊन द्याले." त्यानं सुईत दोरा ओढला. "तिनं रोग निंगाला म्हनून सांगतलं, तं सोसायटीतल्या एका शिकलेल्या मानसाले इचारलं मी. हा रोग मानसापासून येते म्हने. मले तं काई नाई बाई. मंग हिले कुठून आला?"

मी उभ्या उभ्या त्याला सांगत सुटले. हा विषाणू पुरुषाच्या अंगातही असतो, त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो वर्षानुवर्षं पडून राहतो. यावरून बाईच्या वागण्याचं काहीच ठरत नाही. तो जाळं विणत राहिला. मावशी दारात उभी होती. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना." तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि माझ्या बाजूनं निघून गेली.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. लुना चालवताना मी स्वतःशी बोलायची. कॅन्सर शोधायला निघाले आणि एका बाईचं घर मोडून आले, असं वाटायचं. दवाखान्यात सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस थांबा, निवळेल. मला थांबता येईना. सुनेचं माहेर मार्कंड्याच्या पुढं नदीकाठी होतं. महाशिवरात्रीच्या जत्रेचे दिवस, गाड्या भरभरून चाललेल्या. बसमध्ये दोन बायांच्या गाठोड्यांमध्ये एका पायावर उभी राहून मी गेले.

ती नदीवर कपडे धूत होती. मला बघून उठली नाही. मी तिच्याजवळच्या दगडावर बसले आणि म्हटलं, "मी तुझ्या नवऱ्याशी पुन्हा बोलते. डॉक्टरांना घेऊन येते."

"त्याच्याशी नोका बोलू." ती चादर आपटत राहिली. मग थांबली. "बाई, ते नळी मी केलीच नाई."

"काय?"

"मी बाहेरची होतो त्या दिशी. तुमी अंगनवाडीत सांगतलं होतं म्हने, पाळीत करू नोका म्हनून. आत्याबाईनं म्हनलं, राहू दे, मी पाहून घेतो. कोनी इचारलं तं हाव म्हनजो." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "मले वाटलं त्याइनं उगीच पानी भरून देलं असन. तुमी रागवान म्हनून मी बोललो नाई."

"अगं, मग नवऱ्याला का नाही सांगितलं?"

"मंग कोनाची हाय म्हनून इचारलं असतं त्यानं." तिनं चादर पिळली. "घरात बाया दोनच हाओत."

मी त्याच पावली परत निघाले. बसमध्ये जागा मिळाली तरी बसवलं नाही. इतकी वर्षं पाळी बंद असलेली बाई, आणि तिनं चोरून नळी वापरली. उगीच कोणी असं करत नाही.

सकाळी मी बांधावर पोचले तेव्हा तलावावर धुकं होतं आणि मावशी एकटीच झिंगे पसरत होती. मी जवळ जाऊन बसले.

"मावशी, अंगावरून जातं का तुमच्या?"

तिचे हात थांबले.

"दिवारीच्या सणापासून जाऊन राह्यलं," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "आंधी जरासं, मंग बहुत. बाजारात चिंध्या घेऊन जातो मी. मासोळीच्या वासात कोनाले समजत नाई."

"मग मला सांगायचं होतं."

"काय सांगू? नवरा मरून इतके वर्सं झाले. रांडमुंड बाईले रगत जाते म्हनलं तं लोक काय म्हनतीन? पोरगा काय म्हनन?" तिनं पदर तोंडाला लावला. "मले वाटलं, सुनेच्या नावानं रोग निंगन, तुमी तिले गोया द्यान, त्या मी खाईन. घरच्या घरी होऊन जाईन. हे असं होईन म्हनून मले काय मालूम?"

माझ्या जिभेवर राग आला होता. त्या सुनेला इतके दिवस माहेरी बसवलं, ओसरीवर मुलाच्या तोंडून ते सगळं ऐकलं आणि ही गप्प राहिली. पण तिच्या बसण्याकडे बघितलं आणि मी तो गिळून टाकला. ती एका अंगावर कलून बसली होती. सरळ बसवतच नसावं.

"पोराले तुमी सांगू नोका," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती उठली आणि तलावात डोंग्यावर असलेल्या मुलाला तिनं हाक मारली. तीच बाजारातली हाक. तो घाबरून डोंगा वल्हवत आला. तोवर आणखी बाया पाण्याला आल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, घरी जाऊन बोला." तिनं ऐकलं नाही.

"ते नळी मायी होती," ती मुलाला म्हणाली. "रोग माया हाय. सुनेनं तं हात नाई लावला तिले. तू तिच्यावर जे बोलला ना, ते आता मले बोल. बोल."

तो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बायांकडे बघितलं. मग तो तसाच पाण्यात खाली बसला. एक म्हातारी पुढं आली आणि मावशीचा हात धरून तिला झाडाखाली घेऊन गेली.

दोघं मायलेक त्याच दिवशी सुनेला आणायला गेले. मला वाटलं होतं, आता निस्तरलं. पण सून आली नाही. तिनं दोघांना पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं, "तुमचा मायावर इस्वास नोयता. आता कायले आले?" नवरा अंगणात बसून राहिला, पण ती आतून बाहेर आली नाही. परत येऊन मावशीनं मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "बरोबर बोलली ते."

मावशीला मी दवाखान्यात नेलं. तसाच बाक, तसंच अवजार. चढताना माझं मनगट तिनं इतकं आवळलं की वळ उठले. डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडे नजर टाकली. तपासायला तुकडा काढून पाठवला, पण आम्हा दोघांनाही कळलं होतं. कॅन्सर होता. पसरला मात्र फार नव्हता. नागपूरला नेऊन लाईट द्यायचे, म्हणजे किरणांचा शेक. दीड-दोन महिने तिथं राहावं लागणार होतं आणि सोबत एक बाईमाणूस हवं होतं. मुलानं जायचं म्हटलं तरी बायांच्या वॉर्डात त्याला कोण राहू देणार?

निघायच्या आदल्या दिवशी मी मावशीच्या घरी पिशवी भरायला मदत करत होते. दारात सून उभी. कडेवर धाकटं पोर, मागं थोरलं. तिला कोणी कळवलं होतं मला माहीत नाही. नवरा उठून उभा राहिला, ती त्याच्या बाजूनं आत गेली आणि सासूला म्हणाली, "पोराइले इथी ठेवतो. मी येतो तुमच्या संग."

मावशी रडायला लागली. सून म्हणाली, "रडू नोका. सकाळची गाडी हाय." आणि ती पिशवी भरायला बसली.

नागपुरात त्या दोघी एका धर्मशाळेत राहिल्या. मी अधूनमधून जायची. शेकानं मावशीला जुलाब लागायचे, जेवण जायचं नाही, कातडी काळी पडली होती. सून तिला धरून न्यायची, धुवायची, भात कालवून भरवायची. दोघींत बोलणं कमीच होतं. एकदा मी सुनेला बाहेरच्या पायऱ्यांवर विचारलं, "राग गेला का गं?"

ती म्हणाली, "त्याइचा गेला. त्याचा नाई गेला." म्हणजे सासूचा गेला, नवऱ्याचा नाही. तो प्रत्येक रविवारी यायचा, काहीबाही घेऊन यायचा, ती पिशवी त्याच्या हातातून घ्यायची आणि आत जायची. तो पायऱ्यांवर बसून परत जायचा. पुढं कधीतरी त्यांचं जमलं, कसं ते मला कळलं नाही. तिसरं लेकरू झालं, तेव्हा बारशाला मी गेले होते.

मावशी बरी झाली. पूर्वीची झाली नाही, पण बरी झाली. डोक्यावर टोपलं घेणं तिला जमेना, ते सून घ्यायला लागली. बाजारात मावशी तिच्या शेजारी पोत्यावर बसायची आणि मासे घ्यायला आलेल्या बायांना विचारायची, "नळी केली का वो तू? कर. मी नाई केली तं पाह्य मायं काय झालं. केली तं चोरून केली." मी शरमेनं इकडंतिकडं बघायची, पण बाया ऐकायच्या. सुनेनंही स्वतःची नळी केली, या वेळी स्वतःच्या हातानं, आणि ती स्वतः मला आणून दिली. तिचं काही निघालं नाही.

दोनेक वर्षांनी त्या कामाची मुदत संपली. पुढं त्याला कोणी पैसे दिले नाहीत. उरलेल्या नळ्या आम्ही वापरून टाकल्या, मग त्याही संपल्या. मला दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात घेतलं. सुट्टीच्या दिवशी मी लुना काढून त्या बाजूला गेले की बाया रस्त्यात थांबवायच्या. जंगलाकडच्या गावांतूनही निरोप यायचे.

"बाई, ते नळी कवा येऊन राह्यली? माया बहिनीले पाह्यजे."

मी म्हणायची, येईल, विचारते. नागपूरला फोन लावायची, पत्रं टाकायची. कोणी म्हणायचं पुढच्या वर्षी, कोणी म्हणायचं ते काम आता दुसऱ्या भागात आहे. एका उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर एका बाईनं मला बाजूला नेलं आणि लुगड्यावरचा डाग दाखवला. तिला तिथूनच मागं बसवून मी दवाखान्यात आणलं. वाटेत ती विचारत होती, "त्या बाकावर चढा लागन का?"

"हो," मी म्हटलं. "चढावं लागेल. मी हात धरून उभी राहते."